टोकरखाड्याहून नेदरलँड्समार्गे पुणे

सिल्वासातल्या टोकरखाड्याला, आमच्या कॉलनीत तीन घरांत मिळून एक इंटरनेट आहे. वायफायचं खोकं खालच्या काकांच्या बाहेरच्या खोलीत, देवाच्या तसबिरीशेजारी ठेवलेलं. काका मूळचे रत्नागिरीकडचे, इथल्या सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर त्यांची सत्ता चालते ती एवढ्या एका खोक्यावर. नेट अडकलं की आम्ही वरून ओरडायचं, "काका, जरा बंद-चालू करा हो!" आणि काका आपल्या सवडीने ते करणार.

एका सोमवारी सकाळी मी अथालच्या कारखान्यात जायला निघालो, तर काका जिन्यात उभे.

"काय इंजिनियरसाहेब, काल दुपारी तुमचं फार जोरात चालू होतं!"

"काय चालू होतं?"

"ते मी कशाला सांगू? तुमचं तुम्हाला ठाऊक. पण आम्हाला दिसतं हो सगळं." आणि हसले.

त्या दिवशी स्कूटरला किक मारताना माझा पाय दोनदा घसरला.

कारण रविवारी दुपारी, बायको झोपलेली असताना, मी पुण्यातल्या नोकऱ्या बघत होतो. कायद्याने यात काही गैर नाही, पण आमच्या घरात आहे. बोईसर, नाशिक, सिल्वासा, असं माझ्या नोकरीमागे तिने बिऱ्हाड फिरवलं. प्रत्येक गावी शिकवायला नव्याने शाळा शोधली. इथे तिला अखेर कायम केलं, तेव्हा पेढे वाटताना तिने सगळ्यांदेखत जाहीर केलं, "आता मी इथून हलणार नाही. यांना जायचं तर खुशाल जावं, डबा कुरियरने पाठवीन." सगळे हसले. मीही हसलो, आणि गुपचूप अर्ज भरायला लागलो. माझा विचार असा, की नोकरी मिळाली तर सांगू, नाही मिळाली तर सांगण्यासारखं उरतंच काय? तेव्हा हा विचार मला फार समंजस वाटला होता.

आता काका तिला सांगणार, यात शंका नव्हती. आमच्या गॅलरीतल्या कुंडीतला कढीपत्ता न्यायला ते एक दिवसाआड येतात. बदल्यात काहीतरी बातमी देऊन जातात.

कारखान्यात जेवताना एका सहकाऱ्याला मी आडून विचारलं. तो म्हणाला, "सोप्पं आहे. व्हीपीएन टाक. म्हणजे बोगदा समज. तू आत शिरलास एवढं वायफायवाल्याला दिसतं. पुढे कुठे गेलास ते नाही." बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला कोण बसलेलं असतं, हे मी विचारलं नाही. कारखान्यात साधा पंप घ्यायचा तरी मी तीन ठिकाणची कोटेशनं मागवतो, पुरवठादाराचं वर्कशॉप बघून येतो. व्हीपीएन मात्र चित्र बघून घेतलं. एकावर ढाल होती, एकावर कुलूप, आणि एकावर ढाल असून तिच्यावर कुलूप. मी दोन्ही असलेलं घेतलं. शिवाय ते फुकट होतं.

मी कुठे आहे हे कुणाला कळू नये म्हणून मी त्याच्याकडे गेलो, आणि त्याने पहिलाच प्रश्न विचारला, तुम्ही कुठे आहात ते आम्हाला बघू द्याल का? दिलं. मग फोनमधले नंबर बघू का, फोटो बघू का? बघ बाबा. काकांना काही दिसता कामा नये, एवढीच माझी अट. त्यानंतर गोपनीयतेचं धोरण आलं. पहिल्या ओळीत त्यांना माझ्या खाजगी आयुष्याबद्दल अतोनात आदर होता. पुढे तो आदर पातळ होत गेला आणि मध्येच कुठेतरी 'आमचे भागीदार' अवतरले. कोण, कुठले, काही नाही. लग्नपत्रिकेतल्या 'समस्त आप्तेष्टां'सारखे. कंपनीचा पत्ता शोधला, तो कुठल्याशा बेटावरची टपालपेटी निघाला. मी 'मान्य' दाबलं.

बोगदा सुरू झाला आणि मी नेदरलँड्समध्ये पोचलो. म्हणजे फोनच्या मते. काका आता जिन्यात भेटले तरी मी शीळ घालत उतरायचो. किरकोळ त्रास होते. बँकेचं ॲप मला ओळख दाखवेना. सिल्वासाच्या उकाड्यात मला लोकरीच्या मोज्यांच्या आणि चीजच्या जाहिराती दिसू लागल्या.

"अहो, तुमच्या फोनवर सारखं चीज का येतं?" बायकोने विचारलं.

"जाहिरात गं. कुणालाही येते."

"मला तर नाही येत."

मग फोन सुरू झाले. "सर, वाकडला टू बीएचके आहे, रेडी पझेशन. शिफ्ट कधी होताय?" मी दचकून गॅलरीत गेलो. मी पुण्याला जाणार हे या माणसाला कुणी सांगितलं? बायकोला माहीत नव्हतं. काकांची खिडकी तर मीच बंद केली होती. उरलो मी, नोकऱ्यांची ती साइट आणि ढालीवरचं कुलूप. माझ्याकडे पुरावा काही नाही. साइटनेच सांगितलं असेल. पण काकांवर संशय आला तेव्हा निदान खाली जाऊन त्यांचा चेहरा तरी बघता येत होता. त्या टपालपेटीचा चेहरा कुठे बघणार?

एका शनिवारी संध्याकाळी मी भेंडी चिरत होतो. फोन वाजला. माझे हात चिकट, म्हणून बायकोने उचलून स्पीकरवर टाकला.

"नमस्कार, पुण्याहून बोलतेय. सरांचं प्रोफाइल आम्हाला खूप आवडलं. सर नेदरलँड्सहून कधी परत येतायत?"

"कोण सर?"

"सध्याचं ठिकाण नेदरलँड्स दिसतंय ना, मॅडम. पुण्याला यायची तयारी आहे, फॅमिलीचीही संमती आहे असं लिहिलंय."

बायकोने माझ्याकडे बघितलं. "सर इथेच आहेत, भेंडी चिरतायत. आणि फॅमिली मीच."

ठिकाणाचा रकाना त्या साइटने बोगद्याचं तोंड बघून आपणच भरला होता. मी न वाचता 'पुढे' दाबलं होतं. संमतीचा रकाना मात्र मी स्वतः भरला होता, पूर्ण शुद्धीत.

"मॅडम, मी सिल्वासात असतो," मी म्हटलं.

"ओह. सिल्वासा म्हणजे नेदरलँड्समध्येच ना?"

"नाही. वापीजवळ."

"ओके सर. आम्ही कळवतो." तिच्या आवाजातला 'सर' एका झटक्यात लहान झाला.

फोन ठेवून मी बोगदा, फ्लॅटवाला, सगळं सांगून टाकलं. बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "त्या पुण्याच्या मुलीला माहीत. कुठल्याशा परदेशी कंपनीला माहीत. फ्लॅटवाल्याला माहीत, म्हणून तुम्ही फोन घेऊन गॅलरीत पळता. मला तेवढं नाही."

"अगं, काका तुला सांगतील म्हणून मी... जिन्यात म्हणाले ना मला, आम्हाला सगळं दिसतं."

"काका?" ती गॅलरीत गेली आणि वाकून म्हणाली, "काका, तुम्हाला आमच्या नेटवर काय काय दिसतं हो?"

"दिवा!" खालून आवाज आला. "हिरवा. लुकलुकतो."

"मग मागे यांना काय म्हणालात, सगळं दिसतं म्हणून?"

"अहो, क्रिकेट अडकत होतं माझं, म्हणून टोमणा मारला. का हो, काय झालं? वर येऊ?"

"नको," आम्ही दोघंही म्हणालो.

ती आत आली, माझ्यासमोर बसली. "पुण्याला जायचंय तुम्हाला?"

"जायचंच असं नाही. बघत होतो."

"मग माझ्यासमोर बघा. आणि संमतीच्या रकान्यात 'नाही' लिहा. 'हो' लिहायचं असेल तर आधी मला विचारा. मी कदाचित 'हो' म्हणेनही, पण विचारा."

मी कुलूप काढून टाकलं आणि तिच्या शेजारी बसून, काकांच्या उघड्या वायफायवरून, सगळ्या अर्जांत 'नाही' लिहिलं. त्यानंतर पुण्याच्या कुठल्याही कंपनीला माझं प्रोफाइल आवडलेलं नाही. काकांनी ही हकीकत कढीपत्त्याबरोबर नेली आणि कॉलनीभर वाटली. मी जाब विचारायला खाली गेलो, तर त्यांनी चहा पाजला.

वाकडच्या फ्लॅटवाल्याचे फोन मात्र अजून येतात. ते आता बायको घेते. शांतपणे सांगते, "साहेब नेदरलँड्सला असतात."