उजवी बाही

चाळीस वर्षांत कातरकाकूंच्या हातून एकच कोट बिघडला, आणि नेमका तेव्हा त्यांचा धाकटा दीर टेबलाशी उभा होता.

चौकडीचं कापड दुहेरी घडी घालून कापत नाहीत, खालची चौकट सरकते. एकेक बाही सुटी कापायची, आणि दुसरीला कागदाचा साचा पालथा घालायचा. काकू तो पालथा घालायलाच विसरल्या. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या निघाल्या.

दिराला सरळ रेघ कधी कापता आली नाही. भाऊ गेल्यावर तो दुकानाच्या तोंडाशी खुर्ची टाकून मालक झाला होता, एवढंच. त्यानं त्या दोन्ही बाह्या दारातल्या खुंटीला टांगल्या. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवायचा, "आमच्या वहिनींच्या मते माणसाला दोन डावे हात असतात. वय झालं हो, डोकं कामातून चाललं!"

मग त्यानं काकूंची कातर स्वतःच्या खणात ठेवली आणि त्यांच्यापुढे बटणांचा डबा सरकवला. "बसल्या बसल्या एवढंच करा, वहिनी. झेपेल तेवढं."

काकूंनी बटणं लावली. टाके घालता घालता आई आठवली. त्यांची आई शेवटी पोटच्या मुलीला 'तुम्ही कोणाच्या?' असं विचारायची. आपलंही तसंच होणार? मग या माणसानं काय केलं तेही विसरणार? हे दुसरं त्यांना जास्त झोंबलं.

काकू डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाईंनी चित्रं दाखवली, उलटे आकडे म्हणायला लावले.

"स्मरणशक्ती थोडी उतरलीय. स्मृतिभ्रंश आहे असं आज म्हणणार नाही. पण चालता किती? चढता किती?"

"दुकानाच्याच इमारतीत, चौथ्या मजल्यावर राहते. लिफ्टनं जाते."

"लिफ्ट सोडा. छाती तपासलीय, हळूहळू जमेल. स्नायू राबले की रक्तात काही संप्रेरकं सोडतात. ती मेंदूच्या पेशींना सांभाळत असावीत असं दिसतंय. बरंचसं उंदरांवर पाहिलंय, हमी देत नाही."

"उंदरांना काय लक्षात ठेवायचं असतं?"

"तुम्हाला काय ठेवायचंय?"

"एकच माणूस," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून जिना सुरू झाला. बहात्तर पायऱ्या. पहिल्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावर फतकल मारून बसायच्या. मग पायरीगणिक दिराचं एकेक कर्तृत्व मोजू लागल्या. ही बाह्या टांगल्याची. ही खणातल्या कातरीची. ही 'झेपेल तेवढं' म्हणाल्याची. पायऱ्या संपायच्या, कर्तृत्व उरायचं, म्हणून पुन्हा खाली उतरून चढायच्या. दीर राहायचा त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर, आणि तेवढ्यालाही लिफ्ट लागायची त्याला. लिफ्टच्या जाळीतून ओरडायचा, "वहिनी, जिना कुठे संपतो ते आठवतं ना?"

"तुमच्या डोक्यावरून पुढे जातो, भाऊजी," काकू वरून म्हणायच्या.

आठ महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासलं. आकडे सुधारले होते. "जिन्यामुळे की रागामुळे, ते नाही सांगता येणार," त्या हसल्या.

"दोन्ही चालू ठेवते," काकू म्हणाल्या.

त्याच सुमारास शिंप्यांच्या संघटनेनं दिराचा सत्कार ठरवला. कापडाच्या दुकानात जाऊन त्यानं चौकडीचं भारी कापड निवडलं, आणि मग त्याला आठवलं की चौकडी जुळवून कापणारा हात शहरात एकच आहे. मान खाली घालून बटणांच्या डब्यापाशी आला.

"वहिनी, एवढा एक कोट..."

"कातर आणा. आणि अर्धा मीटर कापड जास्त."

टेप न लावता त्यांनी सगळ्या कारागिरांसमोर मापं सांगितली. "लग्नात कंबर तीस होती, भाऊजी. गेल्या कोटाला चाळीस. आता चव्वेचाळीस धरते." कारागीर तोंड फिरवून हसले. कापाकापी आणि बाह्यांची शिलाई काकूंनी घरी केली.

सत्काराच्या दिवशी सकाळी, भर गिऱ्हाइकांत, दिरानं कोट चढवला. डावा हात मजेत गेला. उजवा गेला खरा, पण कोपर पिळवटून उलटंच वळलं. कोटाला दोन डाव्या बाह्या होत्या.

"बघा! बघा सगळे!" त्याचा चेहरा लाल झाला, पण आवाजात आनंद मावेना. "सांगत नव्हतो? गेलं डोकं!"

काकूंनी बटणाचा दोरा दातानं तोडला. "आतलं अस्तर उलटा, भाऊजी. मोठ्यानं वाचा."

अस्तरावर खडूनं लिहिलं होतं: 'मुद्दाम.' खाली आठवड्यापूर्वीची तारीख.

दिराऐवजी एका गिऱ्हाइकानंच ते मोठ्यानं वाचलं. मग एक कारागीर फस्सकन हसला, आणि सगळं दुकानच हसलं.

"उजवी बाही कुठाय?" दीर पुटपुटला.

"तयार आहे. वर माझ्या घरी खुंटीला टांगलीय, तुमच्याकडूनच शिकले. माझी मुलगी घरी आहे, पण ती बाही तुमच्याशिवाय कोणाच्या हातात देणार नाही. आधी दारातल्या त्या दोन काढा आणि माझी कातर टेबलावर ठेवा. मग बाही घेऊन या, तासाभरात जोडून देते. संध्याकाळपर्यंत वेळ आहे."

त्यानं निमूट बाह्या उतरवल्या, कातर टेबलावर ठेवली आणि लिफ्टकडे निघाला.

"लिफ्ट आज दुरुस्तीला बंद," काकू मागून म्हणाल्या. "पंधरवड्यापूर्वी नोटीस लागली होती. विसरलात वाटतं? म्हणूनच तर कोट आज दाखवला."

दीर जिन्याच्या पहिल्या पायरीशी थबकला, कठड्याला धरून वर बघत राहिला.

"चढा, भाऊजी," काकूंनी कातर उघडून धार पाहिली. "मेंदूला बरं असतं."