शैलाच्या पर्समधली बाटली

मैत्रिणींनो, घरी पोचलेय, पण छातीत अजून धडधडतंय.

आज मी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण शैला कामासाठी बेलापूरला गेलो होतो. सरकारी ऑफिसच्या रांगेत तिने अचानक माझा दंड धरला. "सुमे, डोळ्यांपुढे अंधार येतोय गं." चेहरा पांढराफटक, बोलणं जड. मला पॅरालिसिसचीच भीती वाटली. माझी आई तशीच गेली.

रिक्षाने तिला जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासून विचारलं, "सकाळपासून पाणी किती प्यायलात?"

"चहा घेतला ना," शैला पुटपुटली. "बाहेर पडायचं होतं म्हणून पाणी नाही प्यायले. वाटेत जायला लागलं तर कुठे जाणार?"

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये तास चालू असताना बाहेर सोडत नसत, म्हणून आम्ही दोघी पाणीच टाळायचो. ती सवय साठीनंतरही सुटलेली नाही.

सलाईन लावल्यावर हळूहळू तिच्या गालांवर रंग आला. तिचा चष्मा शोधायला मी पर्स उघडली, तर आत पाण्याची गच्च भरलेली बाटली!

"अगं, मग ही कशाला आणलीस?"

"तुला लागली तर."

तिला फटका देऊ की मिठी मारू, कळेना.

खरं सांगा, तुमची बाटलीही संध्याकाळी भरलेलीच घरी येते का गं?