॥ कै गणेशाय नमः ॥

मुलीच्या लग्नाआधी महिनाभर मी दोन्ही घरांतल्या झाडून सगळ्या पुरुषांना एका फटक्यात मारलं. त्यासाठी मला फक्त दोन बटणं लागली.

झालं असं की, निवृत्तीनंतर भिंगारच्या घरात बसून करायचं काय, म्हणून मी कॉम्प्युटरचा क्लास लावला. तिथे मला कंट्रोल आणि अल्ट या दोन बटणांची महती कळली आणि मी माऊसला हात लावणंच सोडलं. कॉपीला कंट्रोल सी, पेस्टला कंट्रोल व्ही आणि चूक झाली की कंट्रोल झेड! (हे बटण मला लग्नाआधी मिळायला हवं होतं.) कोणी माऊस धरलेला दिसला की मी म्हणायचो, "उंदराची शेपटी धरून कुठवर जाणार तुम्ही?"

"घरात कशावर कंट्रोल नाही ना यांचा," आमची जयश्री येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "म्हणून ते बटण दाबत बसतात."

मुग्धाचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका मीच टाईप करणार, असं मी जाहीर करून टाकलं. नवरामुलगा कैलास, कोल्हारचा. मुलगा सोन्यासारखा. पण त्या घरात शब्द चालतो त्याच्या आजोबांचा, सखारामबापूंचा. बापू नुकतेच दवाखान्यातून घरी आलेले आणि शकुन-अपशकुन पक्के मानणारे. बैठकीत चहात माशी पडली म्हणून त्यांनी आधीचं एक स्थळ मोडलं होतं! मुग्धाने मला दहा वेळा बजावलं होतं, "बाबा, बापूंच्या बाबतीत काही वेडंवाकडं नको हं. तेवढ्यावरून मोडेल."

पत्रिका तयार झाली. जयश्रीने मागून डोकावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो, मामंजींना श्री. काय लावलंत? त्यांना जाऊन बारा वर्षं झाली! कै. करा तिथे."

"आत्ता करतो."

"माऊसने त्या शब्दावर जा आणि..."

"माऊस? छे! शोधा आणि बदला! कंट्रोल एच!"

वरच्या चौकटीत 'श्री', खालच्या चौकटीत 'कै'. आता एकच ठिकाण बदलायचं तर अल्ट धरून आर दाबायचं. मी दाबलं ए. (ए म्हणजे ऑल, हे मला माहीत होतं. बोटाला नव्हतं.) पडद्यावर काहीतरी इंग्रजी सूचना आली. शॉर्टकटवाला माणूस सूचना वाचत नसतो, एंटर दाबतो! समोर वडिलांच्या नावाला कै. लागलेलं दिसलं. कंट्रोल एस, अल्ट एफ फोर, फाईल बंद आणि लगेच व्याह्यांना, म्हणजे श्रीधररावांना, मोबाईलवर रवाना. सोबत निरोप, 'पाहून कळवावे.'

त्यांनी दहाच मिनिटांत कळवलं.

"अहो, हे कैधरराव कोण?"

"कोण कैधरराव?"

"मीच असावा. कारण शेजारी सौ. भाग्यकै लिहिलंय, आणि आमची भाग्यश्री तर इथे भाजी निवडतेय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "बापूंनी... पाहिली का?"

"वाचली. टोपी घातली आणि म्हणाले, भिंगारला गाडी काढा."

धावत जाऊन फाईल उघडली. सखारामबापू कैलासवासी. मी कैलासवासी. माझी बायको जयकै. श्रीरामपूरची आत्या कैरामपूरला आणि श्रीगोंद्याचे मामा कैगोंद्याला जाऊन बसलेले. आणि सगळ्यांच्या डोक्यावर, ठळक अक्षरांत, ॥ कै गणेशाय नमः ॥! कंट्रोल झेड दाबलं. ढिम्म! फाईल एकदा बंद केली की मागचं पुसत नाही, हे क्लासमध्ये शिकवलं त्या दिवशी मी रजेवर होतो.

"बाबा, तुम्ही माझ्या आजेसासऱ्यांना मारलंत!" मुग्धा रडायलाच लागली.

"अगं, एकट्यांना नाही..."

"गणपतीलासुद्धा?" जयश्री ओरडली.

"तसा तो कैलासवासीच की! वडिलांच्या घरीच तर राहतो." यावर तिने ज्या नजरेने पाहिलं, त्यावर कुठलंच बटण चाललं नसतं.

दीड तासाने बापू दारात. काठी टेकत आत आले, खुर्चीवर बसले. मुग्धा दाराआड, पदराशी चाळा करत उभी.

"पाव्हनं," बापू म्हणाले, "मी गेलो कधी तेवढं सांगा. दहावा झाला का ऱ्हायलाय?"

"बापू, चूक झाली, पदरात घ्या..."

"आन् गेलेल्या मान्साला च्या द्येत्यात का न्हाई तुमच्यात?"

मुग्धा चहा घेऊन धावली. (मी आधी कपात माशी आहे का ते पाहिलं.) बापूंनी भुरका मारला आणि एकदम खो खो हसले. "आरं, आधी लई राग आला हुता. मंग वर बघितलं, तर गनपतीच गेलेला! म्हन्लं, त्याला सोडलं न्हाई, तिथं आपली काय कथा!"

मुग्धाने डोळे पुसले. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू? त्या आनंदात मी बापूंना म्हणालो, "बघा, सगळ्यांना आत्ता जिवंत करतो!" आणि उलटं कंट्रोल एच मारलं. 'कै'च्या जागी 'श्री'. सगळे उठले. माझे वडीलही उठले. आणि नवरदेव चि. कैलास झाला चि. श्रीलास!

"आता नवरदेवबी बदलला व्हय?" बापूंनी काठी आपटली. "तो उंदीर धरा आधी! गनपतीचं वाहान सोडून हिंडताय, म्हनून ही आफत."

मुकाट्याने माऊस धरला. सवय नाही, पडद्यावरचा बाण भलतीकडेच पळत होता. नवरदेवाला पुन्हा कैलास केलं, वडिलांना कै. लावलं. बापूंनी चष्मा लावून स्वतःचं नाव तपासलं आणि म्हणाले, "झकास!" मग जयश्रीने तिचं तपासलं, मुग्धाने तिचं. पत्रिका छापून आल्या, वाटूनही झाल्या.

चार दिवसांनी कोपरगावचा मावसभाऊ दारात उभा. चेहरा पडलेला, हातात पत्रिका. दार मी उघडलं तर त्याच्या हातातली पिशवीच खाली पडली. माऊस एक ओळ खाली घसरला होता. वडील श्री. आणि मी कै.!

लग्नाच्या दिवशी फेटा बांधून मांडवात शिरलो, तर पहिल्या रांगेत बापू. त्यांनी शेजारची खुर्ची थोपटली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "या पाव्हनं, बसा. आता तुमीबी आमच्यातलेच!"