फुईचं इंजेक्शन मी लपवलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, संघटनेतल्या मैत्रिणींना तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण माझं पत्रक कदाचित तुमच्याही हातात पडलं असेल. आमच्या डिंडोलीच्या वस्तीत घरोघर वाटलेलं, ‘जखम सडली, जबाबदार कोण?’ असं लाल अक्षरांत विचारणारं. उत्तर मला लिहितानाच ठाऊक होतं.

कापडाच्या लूमवर राबणाऱ्या माणसांना दवाखान्यात धड वागवावं म्हणून मी संघटनेतून भांडते. दवाखाने पेशंटपासून गोष्टी लपवतात, हे मी इतक्यांदा लिहिलंय की झोपेतही लिहीन. आणि लपवलं कुणी — थांबा, क्रमानं सांगते.

माझी फुई, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, आमच्याच घरी असते. साड्यांना स्टोन चिकटवून तिनं आम्हा भावंडांना वाढवलं. मग तिची बोटं सुजली, वाकडी झाली, गुडघे गेले. संधिवात. शरीराची राखण करणारी ताकदच सांध्यांवर उलटते, त्यातला. गोळ्यांनी भागेना, तेव्हा इंजेक्शन सुरू झालं. ते त्या ताकदीलाच दाबतं. सूज उतरते, पण जंतूंशी लढण्याचं बळही कमी होतं. सांध्यांच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावलं होतं. ‘गुडघा बदलायचं ऑपरेशन ठरलं तर आधी मला सांगा. पुढचा डोस थांबवू, आधीच्याचा असर ओसरला की ऑपरेशन, आणि जखम भरेपर्यंत पुन्हा टोचायचं नाही. मनानं काही सुरू नाही, मनानं काही बंद नाही.’ मी मान डोलावली होती.

ऑपरेशनची तारीख मी भांडून मिळवली. दिवाळीच्या सुट्टीतली — लूम बंद असतात तेवढेच दिवस माझे भाऊ मोकळे. एरवी मशीन सोडून फुईला उचलायला, बसवायला कोण येणार? काउंटरवर आवाज चढवला, तारीख घेतली आणि गल्लीभर सांगत फिरले. तो तोरा मुद्दाम लिहितेय. पुढचं सगळं त्यातूनच आलं.

सांध्यांच्या डॉक्टरांना मी कळवलंच नाही. कळवलं असतं तर तारीख गेली असती. आणि ऑपरेशन तोंडावर आलं तसे फुईचे हात असे ठणकायला लागले की तिला वेणीही घालता येईना. ही वॉकर कसा धरणार? फ्रिजमधलं इंजेक्शन काढलं आणि तिच्या पोटावर टोचलं. नेहमी मीच टोचायची.

मायेनं केलं? हो, मायेनंच. पण भरती करताना सर्जननी विचारलं, ‘अजून काही औषध, इंजेक्शन चालू आहे?’ — तेव्हा माया कुठं गेली होती? मी म्हणाले, नाही, दुखण्याच्या गोळ्या फक्त. फुईनं माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर पुढे गेल्यावर आमच्या बोलीत हळूच त्या सुईचं विचारलं, “त्या सुईनं सांगनं नही का, माय?”

“तू गप पड व फुई. मले समजस.”

ती गप पडली. घरात शिकलेली मी होते ना.

ऑपरेशननंतर घरी जायची वेळ आली तशी जखम लाल झाली, मग वाहायला लागली. ड्रेसिंगला रंजना सिस्टर यायच्या, आमच्या पलीकडच्या गल्लीतल्या. म्हणाल्या, “ताई, काही सांगायचं राहिलंय का? आठवून बघा ना.” इतकं सोपं करून दिलं होतं त्यांनी. मी काय म्हटलं? “तुम्ही हात धुता का, ते आधी आठवा.” वॉर्डातल्या बायका हसल्या. मला बरं वाटलं — हो, बरं वाटलं.

मग पत्रक. नाव छापलं नव्हतं, पण ‘ड्रेसिंग करणारी बाई’ म्हटल्यावर गल्लीला वेगळं काय सांगायचं? गेटवर आम्ही घोषणा दिल्या. दवाखान्यानं सिस्टरना काढून टाकलं.

फुईचा गुडघा पुन्हा उघडावा लागला, बसवलेला सांधा काढावा लागला. त्याआधी सर्जननी पुन्हा तेच विचारलं. या वेळी फुईच बोलली, तिच्या मोडक्या हिंदीत — “साहेब, सुई लेती थी मैं. बोलने को मैंच भूल गयी.” डॉक्टर तिच्यावर चिडले. तापानं फणफणलेली ती, खाली मान घालून ऐकत होती. मी शेजारी उभी होते. हातात तिची पाण्याची बाटली होती. मी तोंड उघडलं नाही.

त्या इंजेक्शनमुळेच झालं का? ठाम कुणी सांगणार नाही. धोका वाढतो, एवढं खरं. इंजेक्शन न घेणाऱ्यांच्याही जखमा बिघडतात. या वाक्याला मी बरेच दिवस धरून बसले. पण तो धोका तोलायचं काम ज्यांचं होतं, त्यांच्या हातून मी ते काढून घेतलं. आणि सिस्टरचे हात? ते स्वच्छच होते. मी रोज पाहत होते.

फुईचा पाय आता वाकत नाही. ती खाटेवर पाय लांब करून बसते आणि मी तिची वेणी घालते. त्या सुईचा विषय ती कधी काढत नाही. रंजना सिस्टर घरी साड्यांना स्टोन चिकटवतात.

इंजेक्शन मी टोचलं. डॉक्टरांनी विचारलं. मी नाही म्हणाले.

पहिलं पत्रक जितक्या दारांत गेलं, तितक्या दारांत हे पत्रकही जाईल, खाली माझ्या नावानिशी. पहिलं दार सिस्टरचं. त्यांनी ते वाचावं की तोंडावर फेकावं, हे मी ठरवायचं नाही.