सांदवाडीतला काउंटर

हॉटेलात चहा प्यायला बसले तरी काकाजी आधी खांद्यावरचा दुपट्टा काढून टेबल पुसायचे. आपल्यापुरतं नाही, अख्खं टेबल. मग पेला उजेडाकडे धरायचे आणि एक डोळा मिटून आत पाहायचे. हॉटेलवाला चिडायचा.

"काकाजी, धुतला आहे न पेला!"

"धुतला असन. पाह्यला कोनं?"

काकाजी आमच्या गल्लीतले. नाकाडोंगरीजवळच्या एका मँगनीज खाणीच्या बंगल्यावर त्यांनी बावीस वर्षं बैऱ्याची, म्हणजे वाढप्याची नोकरी केली. साहेबाच्या बगीच्यात लाकडी बार होता. संध्याकाळी पाहुणे यायचे आणि काकाजी त्या काउंटरमागे पांढऱ्या कपड्यांत उभे राहायचे. बावीस वर्षं त्यांनी दारू ओतली, पण जिभेला लावली नाही. "मी नाकानं मोजतो," असं म्हणायचे. त्यांचं आणखी एक ठरलेलं वाक्य होतं. "माप हातात असलं त माणूस हातात रायते."

मला ते वाक्य ऐकलं की राग यायचा. कोणाचं माप आणि कोणाच्या हातात? साहेब पितो बागेत आणि मजूर पितो जंगलात, एवढंच मला दिसायचं. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. माझे वडील खाणीतल्या युनियनचे. मी वाचायला शिकलो तो पत्रकांवर. आमच्या घरी देवाच्या तसबिरीमागेसुद्धा पत्रकांचा गठ्ठा असायचा. पत्रकात माणूस एक तर आपला असतो, नाही तर त्यांचा. मधला माणूस पत्रकात मावत नाही.

काकाजींची बायको वारली होती आणि मुलगी लाखांदूरला दिली होती. घरात ते आणि त्यांचा मुलगा श्रावण, असे दोघंच. श्रावण खाणीत माल भरणारा लोडर होता. अंगानं वाघासारखा आणि बोलायला गोड. पण पगार झाला की पाय जंगलाकडे वळायचे. तिथं ठेकेदाराच्या माणसांची भट्टी होती. मोहाच्या दारूत काय काय मिसळत, देव जाणे. जो हात सकाळी मजुरी द्यायचा, तोच संध्याकाळी ती परत घ्यायचा. ही गोष्ट सगळ्या गावाला माहीत होती आणि सगळं गाव त्या वाटेनं मान खाली घालून जायचं.

काकाजींनी मुलाला शपथा घातल्या, देवाला नवस केला, शेवटी बाहेरून कडी लावली. श्रावण मागच्या भिंतीवरून उडी मारून गेला.

धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, संपली होती. त्या थंडीत एका सकाळी काकाजींनी मला हाक मारली.

"बाबू, जरा दुसरं टोक धर न."

पाहतो तर त्यांनी घराचं पुढचं दार बिजागऱ्यांतून काढलं होतं. जुनं सागाचं दार, चांगलं जड. आम्ही ते घरातून मागच्या परसात, सांदवाडीत नेलं. तिथं वालाचा मांडव होता, एक लिंबू, दोन पपया. मांडवाखाली त्यांनी कोळशानं जमिनीवर रेघा मारून ठेवल्या होत्या आणि विटांचे दोन खांब रचले होते. आम्ही दार त्यावर आडवं टाकलं.

"काकाजी, पुढचं दार मागं कायले?"

"दार लावून पाह्यलं. थांबला का तो?" ते दारावर अळशीचं तेल चोळू लागले. "आता दारच उघडून ठेवतो. तो इथं पिईन, माह्या डोळ्यासमोर."

मी चाट पडलो. त्यांनी मात्र सगळा आराखडा समजावून सांगितला. पिणाऱ्याच्या पाठीशी भिंत हवी. समोर झाड हवं, रस्ता नको. रस्ता दिसला की पाय खाजवतात. स्टूल नाही. "उभ्यानं पेनाऱ्याले आपले पाय समजतात." काउंटरची उंची त्यांनी श्रावणच्या मापाची केली होती. सकाळी तो झिंगून निजलेला असताना टाचेपासून कोपरापर्यंत सुतळी लावून माप घेतलं होतं. सुतळीला मारलेली गाठ त्यांनी मला दाखवली.

"आधी भात आन् झिंगे. मंग पेला. दोन पेले. तुमसरच्या सरकारी दुकानातली शिक्काबंद बाटली, भट्टीची नाई. आन् पहिला पेला रिकामा झाला तरी उचलाचा नाई. दुसरा त्याच्या बाजूले ठेवाचा. आपन किती पेलो ते पेनाऱ्याले दिसलं पायजे."

"म्हणजे तुम्ही स्वतः पोराला पाजणार?"

"पाजत नाई बाबू. मोजतो."

मग त्यांनी एक फळी पुढे केली. माझं अक्षर चांगलं म्हणून तीवर 'दोनच' एवढं लिहून दे म्हणाले. मी फळी घेतली नाही. दारूच्या गुत्त्याची पाटी मी रंगवणार नाही, असं ताठ मानेनं सांगितलं. ते हसले.

"बरं. पाटी नसली तरी चालते. त्याले मोजता येते. पन एखाद्या दिवशी येऊन पाह्य."

मी गेलो नाही. आमच्या घरातून त्यांच्या कुंपणापलीकडचा कंदील दिसायचा आणि कधीतरी काचेचा आवाज यायचा. तेवढं माझ्या तत्त्वाला पुरेसं होतं.

त्या पाच महिन्यांत श्रावण दिवेलागणीला घरी यायचा, हे मी पाहत होतो. सोमवारची त्याची पाळी चुकेनाशी झाली होती. एकदा तो मला गमतीनं म्हणाला, "आमचा बुढा मले साहेबावानी वागवते बे. म्हनते, गुड इव्हनिंग सर, आज झिंगे आहेत." हे सांगताना तो लाजला होता. हेही मी पाहिलं. पाहिलेलं सगळं माणूस मनावर घेतो असं नाही.

वैशाखात आम्हा तरुणांच्या मंडळानं दारूबंदीचं पत्रक काढायचं ठरवलं. मजकूर माझा. मथळा दिला, 'बापानेच उघडला गुत्ता!' खाली लिहिलं, 'हिरव्या मांडवाखाली पेल्यांवर पेले रिचवले जात आहेत.' दार का काढलं, हे मला ठाऊक होतं. ते मी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर पत्रक अडखळलं असतं.

शनिवारी दुपारी चाळीसेक बायका काकाजींच्या घरावर निघाल्या. त्यांचा राग खरा होता. पुढे चालणाऱ्या बाईचा हात नवऱ्यानं दारू पिऊन मोडला होता. तो वाकडाच बसला होता. त्याच हातानं तिनं काउंटर उलथवला. बाटली फुटली, दोन्ही पेले फुटले. वालाचा मांडव खाली आला. मी कुंपणाबाहेर घोषणा देत होतो.

काकाजी भिंतीला टेकून उभे होते. एवढंच म्हणाले, "ताई, काच पायात जाईन. थांबा, झाडून घेतो." आणि खरोखरच झाडू घेऊन आले.

तेवढ्यात श्रावण पाळीवरून आला. घराला दार नव्हतंच. गल्लीतूनच त्याला सगळं दिसलं. बाप चाळीस बायकांच्या पायांजवळ वाकून काचा वेचत होता. तो आत आला नाही. आला तसाच वळला. कोणत्या वाटेनं, ते सांगायला नको.

त्यानंतर तो घरी आला तो झोपण्यापुरता. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात भट्टीवरची दारू पिऊन तीन लोडर दगावले. त्यांत श्रावण होता.

आता मी जे लिहितो आहे, ते मंडळातल्या मित्रांना आवडणार नाही. खरी भट्टी जंगलात होती. तिथं ठेकेदाराचे लाठीवाले बसायचे. आम्ही मोर्चा तिकडे नेला नाही. एका म्हाताऱ्याच्या सांदवाडीत नेला, कारण तिथं कोणी लाठी उगारणार नव्हतं. त्याला आम्ही चळवळ म्हटलं.

तेराव्यानंतर मी काकाजींकडे गेलो. ठेकेदाराविरुद्ध पत्रक काढतो, असं बोलून गेलो.

"लिही. पन यावेळी जाऊन, पाहून लिही."

आम्ही भट्टीवर गेलो. माझ्या डाव्या कानाला तेव्हापासून कमी ऐकू येतं. भट्टी तीन दिवस बंद राहिली.

काकाजींनी मुलीकडे लाखांदूरला जायचं ठरवलं. निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी पुन्हा हाक मारली. "बाबू, दुसरं टोक धर." आम्ही सांदवाडीतून दार उचललं, घरातून पुढे आणलं आणि बिजागऱ्यांत बसवलं. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून ते वरपासून खालपर्यंत पुसलं. कुलूप लावलं. किल्ली कमरेला खोचली आणि एसटीच्या थांब्याकडे चालू लागले. ट्रंक मी उचलू लागलो तर म्हणाले, "राहू दे, हलकी आहे."

ते परत आले नाहीत. पुढं तिकडेच वारल्याचं कळलं.

एसटी गेल्यावर मी त्या दारासमोर येऊन उभा राहिलो. तेल पिऊन काळसर झालेल्या लाकडावर ओल्या पेल्याचे गोल डाग होते. पाच महिने रोज त्याच जागी पेला टेकून खोल उतरलेले. दार उभं झाल्यामुळे आता ते एकाखाली एक आले होते. मी वाकून पाहिलं, चौकटीपाशी पाहिलं, कडीखाली हात फिरवला. सगळं दार धुंडाळलं.

डाग दोनच होते.