पट्टीखालचा मुरूम

मंडळी, आज डोकं फिरलंय.

बहिणीला कळा सुरू झाल्या म्हणून सकाळी बैलगाडीतून साताऱ्याला दवाखान्यात नेत होतो. वाटेत नव्या रस्त्यावर मुकादमानं अडवलं. "थांब गड्या. साहेब रस्ता तपासत्यात. तुझ्या चाकानं खराब हुईल."

रस्ता सपाट झालाय का बघायला साहेब लांब लाकडी पट्टी आडवी ठेवत होते. खाली फट दिसली, की ते तोंड फिरवून विडी ओढायचे. तेवढ्यात मुकादम फटीत मुरूम कोंबायचा. मग साहेब वळून म्हणायचे, "सपाट आहे."

बहीण गाडीत कण्हत होती.

साहेबांची मोटार गेल्यावर आम्हाला सोडलं. त्याच मुरमात चाक खचलं आणि बहीण किंचाळली. मुकादम म्हणतो, "हळू हाक की, रस्ता नवा हाय."

तिला मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. पण सांगा, साहेब जाईपर्यंतच सपाट राहणारा रस्ता आम्ही काय पुजायला ठेवायचा?