चोरखिशातला कांदा

आमच्या घरात लाल कार्ड आजवर एकीलाच मिळालं आहे, आणि ती मी. माझी नात फुटबॉल खेळून पोट भरते. तिला एवढ्या वर्षांत पिवळ्या कार्डाच्या पुढं कोणी काही दाखवलेलं नाही. मी एकदाच मैदानात उतरले, तेही चपला घालून, आणि पाच मिनिटांत बाहेर झाले.

नात स्ट्रायकर आहे. म्हणजे सगळ्यात पुढं राहायचं आणि गोल मारायचा. बॉल जाळ्यात गेला तर काम झालं, नाही गेला तर नाही झालं. मला हे पटतं. मी चौथी शिकले आणि चाळीस वर्षं घरी मशीनवर साड्यांना फॉल-पिको केलं. तिथंही तसंच. फॉल सरळ बसतो किंवा बसत नाही, गप्पा मारून तो सरळ होत नाही.

लहानपणी ती गल्लीत पोरांसोबत खेळायची. शेजारीण एकदा म्हणाली, "पोरीच्या जातीनं बॉल लाथाडून काय होणार आहे वं?"

मी म्हटलं, "तुह्या खिडकीची काच फुटन, आणखी काय."

आठ दिवसांत फुटली. मी भरून दिली नाही, कारण मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं.

पुढं ती शाळेकडून खेळली, कॉलेजकडून खेळली, शहरातल्या एका टीमकडून खेळली. सगळं फुकट. जिंकल्यावर केळी मिळायची. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, मौद्याला नोकरीला. त्यानं एक दिवस बँकेच्या परीक्षेचा फॉर्म आणला आणि स्वतःच भरून टेबलावर ठेवला. फक्त तिची सही बाकी होती. म्हणाला, या मोसमात कोणी पगारावर घेतलं तर खेळ, नाहीतर ही सही कर. पोरीनं मान हलवली. त्याच आठवड्यात निरोप आला की बाहेरच्या एका मोठ्या क्लबची दोन माणसं तिला पाहायला येणार आहेत. मुलगी पाहायला येणार म्हटल्यावर शेजारणीनं विचारलं, पोहे मी करू का.

मॅच मे महिन्यात, दुपारी साडेतीनला. शहाणी माणसं त्या वेळी पडदे लावून झोपतात. पण संध्याकाळी त्याच मैदानावर लग्न होतं. एका बाजूला मंडपाचे खांब उभे राहत होते आणि आचाऱ्यांनी चुली मांडल्या होत्या. त्यामुळे मॅच उन्हात.

आमच्याकडे मे महिन्यात बाहेर पडताना खिशात कांदा ठेवतात. म्हणजे ऊन लागत नाही. माझा नवरा ठेवायचा, मुलगा ठेवतो, मी कमरेला खोचते. आदल्या दिवशी नातीची नवी चड्डी कंबरेत सैल होती म्हणून माझ्याकडे आली. तेव्हा मला कळलं की खेळाच्या चड्डीला खिसाच नसतो. ज्यानं ती शिवली, त्यानं नागपूरचा उन्हाळा पाहिलेला नसावा.

मी आतल्या बाजूनं चोरखिसा लावला, परकराला लावतो तसा. त्यात एक लहानसा लाल कांदा ठेवून तोंड शिवून टाकलं. पोरीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नाही म्हणाली असती. टाके मात्र कच्चे घातले, कारण मॅच झाल्यावर उसवायचेच होते. चाळीस वर्षांत मी गिऱ्हाइकाला कच्चा टाका दिला नाही आणि घरच्या पोरीला दिला.

मैदानावर चड्डी घालून आल्यावर ती म्हणाली, "आजी, हे काय टोचून राहिलं वं इथं?"

"नाड्याची गाठ आहे."

"एवढी मोठी?"

"तू खेळ ना. गाठीकडं काय पाहून राहिली?"

क्लबची दोन माणसं टोप्या घालून सावलीत बसली होती. एकाच्या हातात वही. मुलगा ड्यूटीवर होता, सून ऑफिसात, म्हणून घरातून मी एकटीच. सुरुवातीलाच पोरीनं एक पिवळं कार्ड खाल्लं, पंचाला उलटं बोलल्याबद्दल. तोंड तिनं माझं घेतलं आहे. आणखी एक पिवळं म्हणजे लाल, हे मला बाजूच्यानं सांगितलं. लाल म्हणजे बाहेर. आणि बाहेर म्हणजे बँक, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

अर्धा तास झाला असेल. पोरीनं बॉल घेतला, दोघींच्या मधून काढला आणि थेट गोलसमोर पोचली. तिनं लाथ उचलली, आणि तेवढ्यात चड्डीतून कांदा पडला. कोंबडीनं अंडं द्यावं तसा. पडला तो घरंगळत बॉलच्या पुढं गेला. गोलकीपरच्या दिशेनं दोन वस्तू येत होत्या. बिचारीनं जवळची पकडली. बॉल जाळ्यात गेला आणि ती कांदा छातीशी धरून आडवी पडली.

मग सगळेच ओरडले.

पंच तरुण होता. त्यानं कांदा हातात घेतला, हुंगला आणि आचाऱ्यांकडे पाहिलं. तिकडून एक आचारी चाकू हलवत ओरडला, "आमचे कांदे पांढरे आहेत, साहेब! तो लाल आहे! आमचं नाव नका घेऊ!"

समोरच्या टीमची एक पोरगी म्हणाली, "हिच्या चड्डीतून पडला, सर. मी माह्या डोळ्यानं पाहिला."

पंचानं गोल रद्द केला आणि कार्डासाठी खिशात हात घातला. त्याच्या चड्डीला बरा खिसा होता.

माझी नात नुसती उभी होती. तिला काय झालं तेच कळलं नव्हतं. मी उठले आणि मैदानात गेले.

"थांब बाबू. कांदा माहा आहे."

"आजी, तुम्ही बाहेर व्हा. मॅच चालू आहे."

"मॅच कुठं चालू आहे? तू तं कांदा हुंगून राहिला. तिच्या चड्डीत तो मी शिवला. तिले माहीत नाही. विचार."

पंचानं तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "मले तं नाड्याची गाठ सांगितली होती, सर."

"पण कांदा काहून?"

"ऊन लागू नये म्हणून. तुह्या आईनं तुले नाही दिला?"

त्याचा दुसरा हात दुसऱ्या खिशाकडे गेला आणि परत आला. दिला होता, हे मी ओळखलं.

"हे सगळं खरं," तो म्हणाला, "पण कोणाले तं कार्ड दाखवावं लागन. तुम्ही टीममध्ये कोण?"

आमच्या कोच मॅडम धावत आल्या. बाई हुशार. "सर, ह्या आमच्या कपड्यांच्या इनचार्ज."

"मग झालं," पंच म्हणाला आणि त्यानं मला लाल कार्ड दाखवलं, हात चांगला वर करून, मी आंधळी असल्यासारखं.

फाटकाबाहेर रसवंतीच्या बाकावर मला बसवलं. भिंत उंच, आतलं काही दिसेना. मंडपवाला शिडीवर चढून झालर बांधत होता. त्यालाच विचारलं.

"का गा, ते टोपीवाले दोघं आहेत का बसून?"

"कोणते? हां. एक आहे. एक उठून राहिला."

माझ्या हातातला रस तसाच राहिला. "कुठं चालला?"

"मुतायले, माय. दम धरा."

"आला का?"

"आता तं गेला ना बिचारा."

असं खूप वेळ चाललं. त्याला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. "एक पोरगी पडली. तुमची नाही. उचलून नेली. आता आणखी एक बसली, पाय धरून. ऊनच तसं आहे. तुमची धावून राहिली, कमरेला एक हात धरून."

"हात काहून?"

"चड्डी धरून आहे वाटते."

कंबरही मी त्याच कच्च्या टाक्यांनी आवळली होती, ते सगळेच उसवले होते.

शेवटी शेवटी तो झालर सोडून ओरडायला लागला. "गेली! गेली! एकटीच आहे! अगं, चड्डी सोड, माय! सोडली! मारला! खांबाले लागला... आत गेला, आत गेला!" शिडी हलली आणि अर्धी झालर माझ्या डोक्यावर आली. मी झालरीतूनच विचारलं, "टोपीवाले?"

"दोघंही उभे आहेत. नाचून राहिले का काय करून राहिले, बाप्पा!"

मॅच संपल्यावर वहीवाला फाटकाशी आला. त्यानं मोडक्या हिंदीत विचारलं, बाकीच्या सगळ्या थकल्या, ही एकटी शेवटपर्यंत कशी धावली? मी म्हटलं, प्याज. कांदा अर्ध्या तासातच पडला होता, हे त्यालाही ठाऊक होतं. तरी त्यानं वहीत काहीतरी लिहिलं.

करार आला. मी तो अक्षर अक्षर लावत वाचायला घेतला, पण इंग्रजीत होता. नातीला विचारलं, कांद्याचं काही लिहिलं आहे का. म्हणाली, नाही. मग सही कर म्हटलं. बापाच्या फॉर्मवर मी मटार सोलले.

आता ती दूर राहते, पगारावर खेळते. एक मोसम गुडघ्यामुळं नुसती बसून काढला, तेव्हा फोनवर रडायची. मी म्हटलं, बसायचाच पगार द्यायला लागले तर बस ना गप. पुढच्या मोसमात उठली आणि गोल मारायला लागली. कपडे शिवायला मात्र माझ्याकडे देत नाही.

गेल्या उन्हाळ्यात घरी आली तेव्हा धुण्याचे कपडे काढायला मी तिची बॅग उघडली. बाजूच्या कप्प्यात, सॉक्समध्ये गुंडाळलेला एक लाल कांदा होता. त्याला बोटभर कोंब फुटला होता. कोंब आलेला कांदा उन्हाला चालत नाही, एवढंही तिला माहीत नाही. मी तो भाजीत घातला आणि सॉक्समध्ये दुसरा ठेवला.